१४ महिन्यांपासून आठवीपर्यंत एकाच माँटेसरी शाळेत: एका पालकाचा अभिप्राय

पुण्याच्या पश्चिम उपनगरांत १४ महिन्यांच्या बाळापासून आठवीपर्यंतची मुले एकाच आवारात घेऊन माँटेसरी पद्धतीने शिकवणाऱ्या ज्या मोजक्या खाजगी शाळा आहेत, त्यांपैकी एकीत आमची दोन्ही मुले आहेत. थोरली अडीच वर्षांची असताना येथे आली आणि आता आठवीत आहे. धाकटा शिशुगट (तीन वर्षांखालील मुलांचा वर्ग) संपवून नुकताच बालघरात, म्हणजे तीन ते सहाच्या विभागात, गेला आहे. शाळा लहान असल्यामुळे एकेका वर्गातील मुले सहज ओळखू येतात, म्हणून तिचे नाव लिहीत नाही. माझे मत आधीच सांगते. तीन ते सहा या वयासाठी इतकी चांगली शाळा मी दुसरी पाहिलेली नाही. शिशुगट चांगला आहे, पण प्रत्येक घराला त्याची गरज नाही. आणि पहिलीपासून पुढे मात्र त्या वर्षी वर्गावर कोणती ताई आहे, यावर सारे इतके अवलंबून असते की एवढे शुल्क भरणाऱ्या पालकाने त्याची चौकशी दरवर्षी नव्याने करावी.

‘माँटेसरी’ या नावावर कोणाचीही मालकी नसल्यामुळे ते कोणीही पाटीवर लावू शकतो, आणि लावतातही. गल्लीतील बालवाडीत रंगीत प्लास्टिकचे ठोकळे आणून ठेवले की तिची माँटेसरी होते. म्हणून शाळा पाहायला जाणाऱ्याने साहित्यापेक्षा प्रशिक्षणाकडे आधी पाहावे. या पद्धतीच्या जनक, इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या हयातीत, १९२९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघाच्या पदविका वयोगटानुसार वेगवेगळ्या असतात: जन्मापासून तीन वर्षे, तीन ते सहा आणि सहा ते बारा. तीन ते सहाची पदविका असलेली ताई चौथीच्या मुलांना आपोआप शिकवू शकते, असे मानण्याचे काही कारण नाही. आमच्या शाळेत मला ज्या ज्या ठिकाणी उणीव दिसली, तिचे मूळ शोधत गेले असता बहुतेक वेळा याच गोष्टीपाशी येऊन थांबावे लागले.

शिशुगटाची खोली पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती रिकामी वाटते. पाळणे नाहीत, वॉकर नाहीत, भिंतीवर मिकी माऊस नाही. गुडघ्याएवढ्या उंचीची फडताळे, जमिनीलगतच्या गाद्या, मुलाचा हात पोहोचेल असे वॉशबेसिन आणि काचेचे खरे पेले. दीड वर्षाचे मूल छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतते, निम्मे सांडते आणि कोणी काही न बोलता कोपऱ्यातील फडके आणून पुसते. आमच्या धाकट्याने हे घरी सुरू केले तेव्हा त्याची आजी आधी घाबरली आणि मग तिने स्वयंपाकघरातील खालचा एक कप्पा त्याच्या नावे करून दिला. तक्रार जेवणाच्या वेळेबद्दल आहे. मुलाने आपल्या हाताने, आपल्या गतीने जेवावे हे येथील तत्त्व. परंतु बस सुटण्याची वेळ जवळ आली की मदतनीस मावशी भराभर घास भरवू लागतात, आणि सकाळभर जे जपले त्यावर पंधरा मिनिटांत पाणी पडते. मावशींना दोष देता येत नाही, कारण त्यांना कोणी काही शिकवलेलेच नाही. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, बाळाला खाली मोकळे सोडण्याची तयारी आहे आणि थोडे सांडलवंड चालते, त्या घराने या दीड वर्षाचे पैसे वाचवले तरी चालतील, असे माझे मत आहे.

बालघर हा या शाळेचा प्राण आहे. तीन वयांची मुले एकाच वर्गात असतात आणि सकाळचे सलग तीन तास तास-घंटेविना चालतात. मूल चटई आणून अंथरते, फडताळातून एक साहित्य उचलते, हवे तितका वेळ त्यावर काम करते, ते जागच्या जागी ठेवते आणि चटई गुंडाळून उभी करते. चटई गुंडाळणे हेसुद्धा तेथे एक काम आहे. कडा सरळ आल्या नाहीत तर मूल ती स्वतःहून पुन्हा उलगडते. लाकडी ठोकळ्यातील कमी-जास्त आकारांच्या दहा दट्ट्यांपैकी एक चुकीच्या खळग्यात बसला, तर शेवटी एक दट्ट्या आणि एक खळगा जुळत नाही, त्यामुळे ‘चुकलास’ असे कोणाला म्हणावेच लागत नाही. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा गुलाबी मनोरा तर आता खेळण्यांच्या दुकानांतही मिळतो, पण तो विकत घेऊन घरी काय साधते, याबद्दल मला शंका आहे. आमच्या घरी पाहुण्यांच्या मुलांनी त्याची आगगाडीच केली.

दशमान पद्धती शिकवण्याची येथील रीत प्रत्येक पालकाने एकदा बसून पाहावी. एक सुटा सोनेरी मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची काडी म्हणजे दशक, अशा दहा काड्यांचा चौरस म्हणजे शतक आणि दहा चौरसांचा घन म्हणजे हजार. हा हजाराचा घन चार वर्षांचे मूल दोन्ही हातांनी तोलत आणते तेव्हा हजार आणि एक यांतील फरक त्याला आकड्याच्या आधी मनगटात कळलेला असतो. दोन मुले दोन संख्या ताटलीत आणतात, मणी एकत्र ओततात, दहा सुटे मणी जमले की ‘बँकेत’ जाऊन दशकाची काडी बदलून आणतात. हातचा म्हणजे काय हे आमच्या पिढीतील कित्येकांना मोठेपणीही सांगता येत नाही. थोरलीला ते पाचव्या वर्षी सांगता येत होते.

भाषेच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलेला दिसतो. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, इंग्रजीची खरखरीत अक्षरे आणि सुट्या अक्षरांची पेटी अगदी उत्तम आहे, आणि मराठीची पेटी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते. थोरली चार वर्षांची असताना तिने त्या पेटीतून ‘चिमणी’ लिहिली ती ‘च’च्या पुढे पहिली वेलांटी ठेवून, आणि तिच्या कानाच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण आधी च ऐकू येतो आणि मग इ. ताईंनी त्या वेळी काही दुरुस्त केले नाही. काही दिवसांनी वेलांटीची जागा दाखवणारी चित्रपट्टी तिच्यासमोर सहज येऊन पडली. इतकी जाण असलेल्या ताईच्या हाती जोडाक्षरे आणि रफार यांचे काहीच साहित्य नसावे, याचे वाईट वाटते. तेथेच घोडे पेंड खाते आणि पुढे मराठीची सगळी मदार अंकलिपी व घरच्यांवर येऊन पडते. महाराष्ट्रात ही अडचण मुळात असायला नको होती. माँटेसरी बाई १९३९ मध्ये मद्रासच्या अड्यारला येण्याच्या कितीतरी आधी, १९२६ मध्येच, ही पद्धत इथल्या मातीत रुजवणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला होता. ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांना बरोबर घेऊन शंख-शिंपले, बिया, पाने आणि काटक्या यांतून साहित्य उभे केले, तेही आदिवासी पाड्यांवरील मुलांसाठी. एवढा वारसा दाराशी असताना शाळेने लाकडी साहित्य दूरदूरहून मागवावे आणि ‘क्ष’ची बोळवण झेरॉक्सच्या कागदावर करावी, हे पटत नाही.

पहिलीपासून सहावीपर्यंतचे दोन गट कागदावर अत्यंत आकर्षक आहेत. विश्वाची उत्पत्ती, जीवसृष्टी, माणसाचे आगमन, लिपी आणि अंक यांच्या कथांनी वर्षाची सुरुवात होते, मग मुले आपापला विषय घेऊन कामाला लागतात. चांगली ताई असली म्हणजे काय होते, हे थोरलीच्या एका अनुभवावरून सांगते. बालघरात ती लाल, निळ्या आणि काळ्या आठ लाकडी तुकड्यांचे घनाचे कोडे केवळ रंग जुळवून लावत असे. पाचवीत ताईंनी तीच पेटी पुन्हा काढली आणि प्रत्येक तुकड्याची लांबी, रुंदी, उंची अ आणि ब मध्ये लिहायला सांगितली. एक अ-घन, एक ब-घन, आणि मधले तीन-तीन सारखे तुकडे. (अ + ब) चा घन तिने पाठ केला नाही, तो तिच्या हातात आधीपासून होता. त्या दिवशीची तिची वही मी जपून ठेवली आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या ताई शाळा सोडून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या ताई प्रेमळ होत्या, परंतु त्यांचे प्रशिक्षण लहान गटाचे होते, आणि महिन्याभरात वर्गात वर्कशीटांचे गठ्ठे दिसू लागले. साहित्य फडताळात होते, मुले तीच होती, वेळापत्रक तेच होते. पालकसभेत विचारले असता ‘मुलांची अमूर्ताकडे वाटचाल सुरू आहे’, म्हणजे त्यांना आता साहित्य हाताळण्याची गरज उरलेली नाही, असे उत्तर देऊन वेळ मारून नेण्यात आली. याच काळात अनेक पालकांनी गुपचूप पाढ्यांची आणि लेखनाची शिकवणी लावली. गुणपत्रिकेऐवजी मिळणारा वर्णनात्मक अहवाल चार पानांचा आणि सुरेख असतो, पण मुलाला अपूर्णांकांचा भागाकार येतो की नाही, हे त्यातून कळत नाही.

या बाबतीत एक अभ्यास मुद्दाम सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात एका सरकारी माँटेसरी शाळेत सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाच वर्षांची माँटेसरीतील मुले वाचन, गणित आणि सामाजिक समज यांत पुढे होती. बारा वर्षांच्या मुलांत गोष्ट लिहिण्यातील कल्पकता आणि परस्परांतील वागणूक सरस होती, पण वाचन-गणिताच्या चाचण्यांत तसा फरक उरलेला नव्हता. शाळेच्या माहितीपत्रकात यातला पहिला भाग मोठ्या अक्षरांत आहे. दुसरा नाही.

सातवी-आठवीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. किशोरवयीन मुलांनी शेतावर राहावे, पिकवावे, विकावे, हिशेब ठेवावा, अशी माँटेसरी बाईंची कल्पना होती आणि ती त्यांनी आराखड्याच्या रूपातच मागे ठेवली. येथे तिचे रूप म्हणजे भाड्याच्या जमिनीवर आठवड्यातून एक दिवस आणि महिन्यातून एकदा शाळेच्या दारात भाजीचा स्टॉल. मेथीच्या जुडीचा भाव ठरवताना मुलांनी वाहतुकीचा खर्च धरला नव्हता आणि तोटा त्यांनाच भरावा लागला, हे मला मनापासून आवडले. बाकी दिवस नेहमीच्या पुस्तकांचे आहेत. शिवाय शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आल्यामुळे शाळाही दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे. नववीला मुलांना दुसरी शाळा शोधावीच लागते. मागील तुकडीतील मुले आपले म्हणणे मांडण्यात, एकत्र काम करण्यात आणि नव्या शिक्षकांना प्रश्न विचारण्यात मुळीच कमी पडली नाहीत. तीन तास बसून भराभर लिहिण्यात मात्र पहिले सहा महिने त्यांची तारांबळ उडाली.

शुल्क वर्षाला दीड लाखाच्या पुढे आहे आणि साहित्यशुल्क, बस आणि शेतावरचा दिवस यांचे पैसे वेगळे. रोमच्या सान लोरेंझो वस्तीत १९०७ मध्ये माँटेसरी बाईंनी गरिबांच्या मुलांसाठी उघडलेल्या पहिल्या बालघराचा फोटो कार्यालयातील शुल्क भरण्याच्या खिडकीच्या नेमका वर लावला आहे, ही योजना कोणाची ते मी अजून विचारलेले नाही. धाकट्याला सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत आम्ही येथेच ठेवणार आहोत. पहिलीला त्याला पुढे न्यायचे की घराजवळच्या मराठी शाळेत घालायचे, हे सहा ते बाराच्या वर्गावर त्या वर्षी कोण आहे ते पाहून ठरवू. नव्या पालकांनी प्रवेशापूर्वी एक सकाळ वर्गात बसून पाहण्याची परवानगी मागावी, ती मिळते. ज्या वर्गात मूल जाणार त्या ताईची पदविका कोणत्या वयोगटाची आहे हे विचारावे. आणि अनामत रक्कम वर्षाच्या मध्ये शाळा सोडल्यास परत मिळते की नाही, याचे उत्तर तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्यावे.