१६ तासांचा उपास की दूध बंद?
पोट इतकं फुगायचं की ४ वाजता पँटचं बटण सैल करावं लागायचं, म्हणून आधी १६:८ (१६ तास उपास, उरलेल्या ८ तासांत खाणं) केलं, रात्री ८ ला जेवण आणि मग थेट दुपारी १२ ला. सकाळ मस्त हलकी जायची पण १२ ला भुकेच्या तडाख्यात वाटीभर बासुंदी आत, की परत गुडगुड चालू. (शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय या उपासाच्या भानगडीत पडूच नका.)

मग नुसतं दूध-खवा बंद केलं. लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर पचवणारं पाचक द्रव्य, कमी असलं की ती साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, गॅस होतो. ताक मात्र चालतं, विरजणाने ती साखर थोडी आधीच संपवलेली असते. मला तरी हेच लागू पडलं, उपासाने त्रासाची फक्त वेळ बदलली. आता कोरा चहा, तेवढाच काय तो वैताग.