रोशफोर 10 : काही महिने ठेवून प्यायल्यावरचं मत

बॅच तीच, तारीख तीच, तरी एका ग्लासला 9 गुण आणि दुसऱ्याला जेमतेम 6. रोशफोर 10 या बेल्जियन बिअरमध्ये एवढा फरक पडतो तो बाटलीच्या तळाशी बसलेल्या यीस्टमुळे. अल्कोहोल 11.3 टक्के, आणि बनते ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती साधूंच्या मठात.

ही बिअर बाटलीत दुसऱ्यांदा आंबते. भरतानाच साखर आणि यीस्ट घालतात, त्यामुळे गाळ असणारच. तो ग्लासात उतरला की तांबूस-तपकिरी रंग गढूळ होतो, मनुका-खजुराचा वास ओल्या कणकेसारख्या वासाखाली दबतो आणि घोट गिळल्यावर जिभेवर खरखरीत कडवटपणा राहतो. मूळ दुखणं ग्लासचं. 330 मिलीची बाटली 250 मिलीच्या ग्लासात एका दमात मावत नाही. मग बाटली सरळ करून पुन्हा कलवावी लागते, आणि त्या हिंदकळण्यात गाळ वर येतो. फेसासकट मावेल असा अर्धा लिटरचा, रुंद तोंडाचा ग्लास घ्याच. धुतल्यावर साबणाचा अंश राहू देऊ नका, नाहीतर फेस धरत नाही.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा. ग्लास तिरका धरून सावकाश, मध्ये न थांबता ओता. बाटलीच्या खांद्याशी गढूळ रेघ आली की थांबा. तळाशी सेंटिमीटरभर उरेल. एवढे पैसे मोजलेत म्हणून तेही ग्लासात घालायचा मोह होतो. घालू नका; वाया जायला नको असेल तर शेवटी वेगळं प्या.

तापमान 12 ते 14 अंश. फ्रिजमधून काढल्या काढल्या नुसता गॅसचा चटका लागतो, वास येतच नाही.

ताजी असताना मी 8 दिले होते, कारण अल्कोहोल घशाला झोंबत होतं आणि मिरीचा तिखटपणा सारखा पुढे येत होता. ते गुण आता बदलतोय. अंधारात, गारव्यात उभ्या ठेवलेल्या बाटल्यांमध्ये तो चटका बसलाय, अंजीर आणि कडू चॉकलेट वर आलंय, शेवट कोरडा आहे. 9. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र हवा लागलीय. आणखी ठेवून ती सुधारणार नाही.

एका बाटलीत साधारण 29 ग्रॅम अल्कोहोल आहे, म्हणजे 5 टक्क्यांच्या तेवढ्याच दोन बाटल्यांहून जास्त. दोघांत एक पुरते. वाटून घ्यायची असेल तर दोन्ही ग्लास शेजारी ठेवा आणि बाटली सरळ न करता एकावरून दुसऱ्यावर न्या.