समोरच्याला दिसतं ते टोकन: फोंड्यात करून घेतलेला ॲक्रिलिक सेट

टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या मिनिएचर युद्धखेळात टोकन, म्हणजे तुकडीची अवस्था दाखवणारी खूण, समोरच्या खेळाडूसाठी असतं, असं माझं ठाम मत आहे. आपली तुकडी दबली, खचली की दमली हे आपल्या डोक्यात असतंच. समोरच्याला ते त्याच्या खुर्चीवरून, कशाला हात न लावता आणि आपल्याला न विचारता कळायला हवं. मागच्या चवथीआधी (गणेश चतुर्थी) गोव्यातल्या फोंड्यात लेझर कटिंगवर मी एक ॲक्रिलिक सेट करून घेतला. आमच्याकडे आता प्रत्येक खेळात तोच असतो. त्याला मी याच एका कसोटीवर तपासते आहे.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, त्यामुळे सेटचं रेखाटन माझंच. खेळणारे आम्ही तिघं. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना दुसऱ्या महायुद्धाचं वेड, म्हणून त्यांच्याशी त्याच युद्धावरचा खेळ, बोल्ट ॲक्शन. भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याशी दूरच्या भविष्यातल्या युद्धांचा वॉरहॅमर 40,000. आणि पावसाने दिवसभर घरात कोंडलं की तिघांत आळीपाळीने मध्ययुगीन लढायांचा सागा. टेबल म्हणजे जेवणाच्या टेबलावर टाकलेलं प्लायवूड, त्यावर हिरवी मॅट आणि डोक्यावर पूर्ण वेगात फिरणारा पंखा. हा पंखा लक्षात ठेवा, टोकनांच्या बाबतीत त्याचा मोठा संबंध आहे.

बोल्ट ॲक्शनपासून सुरुवात करते, कारण टोकनांवर इतका उभा असलेला दुसरा खेळ आमच्याकडे नाही. शत्रूच्या गोळीबारात एक तरी हिट (गोळी) बसली की तुकडीवर पिन, म्हणजे दबल्याची खूण, चढते. प्रत्येक पिनमागे मोराल (मनोधैर्याचा आकडा) एकने उतरतं, आणि तुकडीने स्वतः गोळीबार केला तरी नेमात तितकंच उणं. पिन असलेल्या तुकडीला हुकूम द्यायचा तर आधी दोन फासे टाकायचे. बेरीज उरलेल्या मोरालइतकी किंवा कमी आली तरच तुकडी ऐकते. रेग्युलर, म्हणजे मधल्या दर्जाच्या तुकडीचं मोराल 9. एक पिन असेल तर 8 किंवा खाली हवेत, म्हणजे 36 पैकी 26 वेळा जमतं. तीन पिन असतील तर 6 किंवा खाली, म्हणजे 36 पैकी 15. अधिकारी जवळ असला तर हे सुधारतं, पण एक आणि तीन यांतलं अंतर केवढं आहे ते यावरून कळेल.

आता काकांच्या जागी बसून बघा. त्यांची मशीनगन तयार आहे. कुंपणामागच्या माझ्या तुकडीवर तीन पिन आहेत, मळ्यातल्या तुकडीवर एक. कुठे गोळ्या घालायच्या हा खरा डावपेचाचा प्रश्न. आणि तो सोडवायला त्यांना तो आकडा चार फूट रुंद टेबलाच्या पलीकडून दिसायला हवा. "तुझ्या त्या तुकडीवर किती गो?" असं त्यांनी विचारलं की त्यांचा बेत मला कळलाच. मला कळला की मी पुढचा हुकूम त्या धोरणाने देणार. न दिसणारं टोकन असं गुपित फोडतं, म्हणून मला ते गैरसोयीपेक्षा अन्यायाचं वाटतं.

एकावर एक रचलेल्या चकत्या समोरून सारख्याच दिसतात. दोन आहेत की तीन हे वाकून बघावं लागतं. म्हणून मी रचायच्या चकत्या ठेवल्याच नाहीत. गडद पिवळ्या, आरपार न दिसणाऱ्या 3 मिमी ॲक्रिलिकचे त्रिकोण केले, बाजू 30 मिमी, आणि त्यात आरपार भोकं: एक, दोन, तीन, चार, पाच. भोक 4 मिमीचं. पिवळ्या त्रिकोणाखालची हिरवी मॅट त्या भोकांतून काळपट ठिपक्यांसारखी दिसते. रंग भरायला नको, अक्षर वाचायला नको, टोकन उलटं पडलं तरी आकडा तोच. पिन वाढली की दोनचा त्रिकोण उचलून तीनचा ठेवायचा. आम्ही दुसऱ्या आवृत्तीने खेळतो. तिच्यात चाचणी पास झाली की एक पिन लगेच उतरते, त्यामुळे त्रिकोण सतत बदलतात, आणि ही बदलाबदल समोरच्याच्या डोळ्यांदेखत होते. काकांनी आता विचारणं सोडलंय. सेटवर यापेक्षा मोठा अभिप्राय मला नको.

या खेळाचं स्वतःचं सर्वांत उत्तम टोकन मात्र तो काढणाऱ्या वॉर्लॉर्ड गेम्स कंपनीचा ऑर्डर (हुकमाचा) फासाच. पिशवीतून फासा निघतो, ज्याच्या रंगाचा निघेल त्याची पाळी. मग फायर, ॲडव्हान्स, रन, ॲम्बुश, रॅली किंवा डाउन यांतली बाजू वर करून तो तुकडीशेजारी ठेवायचा. कुणाची पाळी, कुठला हुकूम आणि ही तुकडी या फेरीत हलली का, या तिन्ही गोष्टी एकच ठोकळा सांगतो. माझा त्रिकोण त्या फाशाला चिकटून बसतो, म्हणजे समोरच्याची नजर एकाच जागी जाते.

सागामध्ये तर टोकन सरळसरळ समोरच्याचं हत्यारच आहे. तुकडीवर थकवा साठतो आणि तो खर्च करतो प्रतिस्पर्धी. माझी तुकडी निघाली की तिच्यावरचा एक थकवा उचलून तो तिची चाल आखूड करू शकतो, किंवा हातघाईत माझं चिलखत एकने उतरवू शकतो. हे नियमात इतकं सुंदर बसवलंय की खेळ शिकवताना मी नवख्याला आधी हेच दाखवते. यासाठी सेटमध्ये 22 मिमीच्या पांढऱ्या गोल चकत्या आहेत, कडेला बोटात धरण्याइतकी खाच. ठेवताना त्या तुकडीच्या मागे नाही, समोरच्याच्या बाजूला ठेवायच्या, म्हणजे त्याला त्या मोजता येतात आणि सैनिक न पाडता उचलताही येतात. भाचा चकती उचलतो तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो, आणि तो पडायलाच हवा.

वॉरहॅमरचा प्रकार वेगळा. 2023 च्या दहाव्या आवृत्तीत तुकडी निम्म्याखाली गेली की आपल्या कमांड फेजमध्ये (पाळीच्या पहिल्या टप्प्यात) बॅटल-शॉकची, म्हणजे खचण्याची, चाचणी होते. दोन फाशांची बेरीज तुकडीच्या लीडरशिपच्या आकड्याइतकी किंवा जास्त आली नाही तर तुकडी खचते, ती थेट पुढच्या आपल्या कमांड फेजपर्यंत. या काळात तिचा ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल (गुण देणाऱ्या जागांवरचा ताबा) शून्य, आणि तिच्यासाठी स्ट्रॅटेजम (खास डावपेच) वापरता येत नाही. इथे मोजायचं काही नाही, हो किंवा नाही एवढंच. पण ही अवस्था समोरच्याच्या पूर्ण पाळीभर टिकते, आणि तेवढ्यात दोघंही ती विसरतात. मग शेवटी गुण मोजताना वाद. म्हणून या टोकनाला आकड्यापेक्षा ठळकपणा जास्त हवा. तुकडीप्रमुखाच्या पायाखालीच बसणारं नारिंगी तबक केलं: खाली अखंड चकती, वर 33 मिमी आतल्या व्यासाचं कडं, दोन्ही दुकानदाराने ॲक्रिलिकच्या सोल्यूशनने चिकटवून दिलं. नुसतं कडं ठेवलं तर मॉडेल उचलल्यावर ते मागेच राहतं. तबकात बसवलेला सैनिक तबकासकट सरकतो. अंतर मात्र बेसच्या (सैनिकाखालच्या गोल तळाच्या) कडेपासूनच मोजायचं, तबक धरायचं नाही, हे खेळाआधी ठरवून घ्या.

आकार वेगवेगळे ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. भाच्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखू येत नाहीत. पुरुषांमध्ये हे काही फार दुर्मिळ नाही. तरीही तयार मिळणाऱ्या कितीतरी सेटमध्ये सगळी टोकनं गोल आणि फरक फक्त रंगाचा, त्यातही लाल-हिरवा. लहानपणापासून तो "मावशी, हे कुठलं?" विचारत खेळला. आता त्रिकोण म्हणजे पिन, पांढरी गोल चकती म्हणजे थकवा, पायाखाली तबक म्हणजे खचलेली तुकडी. रंग सगळे उडाले तरी चालेल. कुठलाही सेट घेताना त्याचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. फरक कळला तरच पैसे मोजा.

साहित्याबद्दल गोव्याच्या माणसांसाठी थोडं सविस्तर लिहिते. डब्यातून येणारी पुठ्ठ्याची टोकनं जुलैपर्यंत कडेला फुगतात आणि थर सुटायला लागतात. पंख्याखाली पातळ पुठ्ठा जागेवर राहत नाही, ते वेगळंच. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) कापायला स्वस्त आणि दिसायला छान, पण पाणी शोषतो. चारी बाजूंनी सील केला नाही तर आमच्या पावसात तो टिकणार नाही. थ्रीडी प्रिंटची पीएलए प्लास्टिकची टोकनं घरात ठीक, पण पीएलए साधारण 60 अंशांना नरम पडतं, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डबा राहिला तर ती वाकू शकतात. नियोडिमियम चुंबक लावलेल्या टोकनांचा मुलामा एकदा खरवडला की खाऱ्या हवेत गंज धरतो. ॲक्रिलिकला यातलं काही होत नाही. त्याची दोन पथ्यं आहेत. लेझरने कापलेल्या कडांत ताण राहिलेला असतो, त्यावर स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर लागला तर बारीक तडे जातात. साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि मऊ कापडाने पुसायचं. दुसरं, एकावर एक घासली की ओरखडे पडतात, म्हणून आमचा सेट खणाखणांच्या मसाल्याच्या डब्यात असतो.

दुकानाविषयी. नाव देत नाही. फोंड्यात घरांच्या पाट्या, मंदिर समितीचे फलक आणि फुटबॉल स्पर्धांच्या ट्रॉफी करणाऱ्यांपैकी एक. रेखाटनाची डीएक्सएफ फाइल पेन ड्राइव्हवर नेली. काउंटरवरच्या मुलाने ती उघडून पहिला प्रश्न विचारला, "मापं मिलिमीटरमध्येच ना?" तिथेच माझा विश्वास बसला. लेझरची रेघ थोडं साहित्य खाते, म्हणून त्याने आधी एकच तबक कापून त्यात माझा सैनिक बसवून बघितला, मग बाकीचे लावले. सागाच्या चकत्यांवर मला पावलाची खूण कोरून हवी होती. त्याची पद्धत बघण्यासारखी होती. शीटवरचा संरक्षक कागद न काढताच कोरलं, खोलगट भागात काळा रंग भरला, वाळल्यावर कागद सोलला. खूण धारदार, बाजूला एक थेंबही नाही. उरलेल्या तुकड्यांतून कापल्यामुळे साठ टोकनांचे नऊशे रुपये झाले. बाहेरून मागवलेल्या सेटचं कुरिअर धरलं तर हे मला रास्त वाटतं. तक्रार वेळेची. चवथ जवळ आली की मंडळांची कामं आधी, आपलं मागे. तीन दिवसांचं काम दोन आठवडे लांबलं, आणि मध्ये दोनदा "उद्या या" ऐकलं. गणपतीच्या आधीचा महिना टाळून जा.

सेटमधल्या उणिवाही आहेत. ॲक्रिलिक चकचकीत असतं. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर असली तर पिवळ्या त्रिकोणावर झळाळी येते आणि काकांच्या बाजूने भोकं पुसट होतात. बारीक ओल्या पॉलिशपेपरने वरची बाजू घासून मंद केली की हे जातं, पण प्रत्येक टोकन हाताने घासणं कंटाळवाणं आहे. पुढच्या वेळी मॅट शीटच घेणार. जंगल, पडक्या भिंती अशा दाट भूभागात 30 मिमीचा त्रिकोण आडवा बसत नाही, तिरका होतो. आणि फोटोंत हा सेट दिसायला रुक्ष आहे. रंगवलेल्या सैन्याशेजारी भडक पिवळं प्लास्टिक डोळ्यांत खुपतं, हे मला मान्य. ज्यांना देखणेपण हवं ते कापसाचा धूर किंवा पडलेल्या सैनिकाची छोटी मूर्ती पिन म्हणून वापरतात. ती मूर्ती खरोखर सुंदर दिसते. पण पलीकडून ती टोकन आहे की नुसती सजावट, हे कळत नाही. काचेचे मणी उतारावरून घसरतात. आणि साधे फासे मार्कर म्हणून ठेवले तर कुणीतरी तेच उचलून टाकतो, मग पिन चार होत्या की दोन, कोण सांगणार?

करून घेणार असाल तर बोल्ट ॲक्शनसाठी एक आणि दोन भोकांचे त्रिकोण जास्त घ्या, पाचचे दोन-तीन पुरतात. वॉरहॅमरला प्रत्येकी चार तबकं भरपूर. माझी मापं 32 मिमी बेससाठी आहेत, बेस 28.5 चे असतील तर आतला व्यास 29.5 करा, 40 चे असतील तर 41. फाइल हवी असेल त्याने सांगावं, पाठवते.