एकच तळ की रोज नवा मुक्काम?

डोंगरात चार-पाच दिवस भटकायचं ठरलं, रजा मंजूर झाली, नकाशा पसरला, की पहिला वाद मुक्कामावरून होतो. पायथ्याच्या कॅम्पसाईटवर एकदाच तंबू ठोकून रोज सकाळी हलकी सॅक घेऊन निघायचं आणि संध्याकाळी परतायचं? की सगळा संसार पाठीवर टाकून पुढे पुढे सरकत राहायचं? माझा कल बहुतेक वेळा तळाकडे असतो. पण त्याला अटी आहेत, आणि पहिली अट गणिताची आहे.

आधी तासांचा हिशोब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. अंतरासाठी ताशी साधारण ५ किलोमीटर धरा आणि चढाच्या दर ६०० मीटरमागे एक तास वाढवा. समजा, माथा तळापासून ९ किलोमीटरवर आणि १,४०० मीटर उंच आहे. हिशोब येतो ४ तास ८ मिनिटं. हा आकडा न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. पाणी, दम खाणं, फोटो, एखाद्या फाट्यावरची चर्चा धरली की साडेपाच तास कुठेच जात नाहीत. उतरायला आणखी तीन-चार.

हाच माथा फिरत्या मुक्कामाने करायचा तर पहिल्या दिवशी ६ किलोमीटर आणि ८०० मीटर चढून तंबू लावायचा. दुसऱ्या दिवशी उरतात ३ किलोमीटर आणि ६०० मीटर, म्हणजे दीड तासाहून थोडं जास्त.

फरक नुसत्या दमण्याचा नाही. उन्हाळ्यात उतार तापतात, गरम हवा वर चढते, ढग जमतात आणि दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. त्यामुळे माथा दुपारच्या आत सोडलेला बरा. वरच्या मुक्कामावरून निघणारा उजाडल्यावर निघूनही सावकाश जाऊन येतो. तळावरच्या माणसाला पहाटे चार-पाचला हेडटॉर्च लावून वाट धरावी लागते. एक दिवस हे मजेचं वाटतं. सलग तिसऱ्या पहाटे गजर वाजला की स्लीपिंग बॅगमधून कोणी डोकं बाहेर काढत नाही.

म्हणून मी साधी रेघ आखते: मनातले बहुतेक माथे हिशोबाने चार तासांच्या आत येत असतील तर तळ. त्यापलीकडचे असतील तर तळाचा हट्ट नको. आणि हो, कॅम्पसाईटवरून वाटेच्या सुरुवातीपर्यंत रोज अर्धा तास गाडी चालवायची असेल, तर येण्याजाण्याचा तो तासही याच हिशोबात घाला. नकाशावर तळ पायथ्याला चिकटलेला दिसतो, प्रत्यक्षात वाट भलतीकडून सुरू होते.

पाठीवर काय

तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, स्टोव्ह, गॅस आणि चार दिवसांचं खाणं धरून सॅक १२ ते १५ किलोपर्यंत सहज जाते. दिवसाच्या फेरीची सॅक ४ ते ६ किलोत बसते. चढताना हा फरक फुप्फुसांना कळतो, उतरताना गुडघ्यांना. निसरड्या घसाऱ्यावर तर तोल सांभाळण्यातच निम्मी ताकद जाते. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी इथेच निर्णय घेऊन टाकावा.

तळाचा एक छुपा तोटाही इथेच आहे. आरामशीर जागेतून निघाल्यामुळे माणूस सामान नको तितकं कमी करतो. उंचीबरोबर तापमान दर १,००० मीटरला सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. तळावर १८ अंश असले तर आपल्या उदाहरणातल्या माथ्यावर ९ च्या आसपास, आणि वारा असेल तर अंगाला त्याहून खूपच कमी वाटणार. ‘संध्याकाळी परत यायचंच आहे’ म्हणून मागे ठेवलेलं जाकीट वर उपयोगाचं नसतं. फिरत्या मुक्कामावाल्याकडे ते असतंच, कारण त्याचं घरच पाठीवर असतं. रेनकोट, गरम थर, हेडटॉर्च आणि प्रथमोपचाराची पिशवी रोजच्या सॅकमधून बाहेर काढायचीच नाही, असा नियम केला की हा तोटा बराचसा भरून निघतो.

हवा बिघडली तर

माझ्या मते तळाचं पारडं सर्वात जड होतं ते इथे. रोज सकाळी आभाळ बघून ठरवता येतं: आज उंच धार, की खालच्या जंगलातली वाट, की सरळ झोप. फिरत्या मुक्कामात तिसऱ्या दिवसाची खिंड तिसऱ्याच दिवशी येते, मग पाऊस असो वा धुकं. जादा दिवसाचं खाणं बरोबर असेल तर थांबता येतं, पण ते खाणंही आधी पाठीवरूनच आलेलं असतं.

शिवाय ओला तंबू. रात्री पाऊस पडला, किंवा नुसत्या श्वासाच्या वाफेने बाहेरचं कापड आतून भिजलं, की सकाळी ते झटकायचं, गारठलेल्या बोटांनी कसंबसं गुंडाळायचं आणि भिजल्याचं जादा वजन वाहायचं. संध्याकाळी तेच थंडगार कापड पुन्हा ताणायचं. दोन-तीन दिवस ऊन मिळालं नाही तर स्लीपिंग बॅगमध्येही ओल शिरते. पिसांची असेल तर ती गोळा होऊन ऊबच सोडते. तळावर तंबू उभ्या उभ्या वाळतो आणि मोज्यांचा दुसरा जोड कोरडा राहतो.

विजेचा मुद्दा वेगळा. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही, खाली असो वा वर. धातूच्या छताची, काचा बंद केलेली गाडी वाचवते, आणि ती बहुधा कॅम्पसाईटवरच उभी असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आसरा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. वरच्या पठारावर मुक्काम असेल तर मुळात गाठायला आसराच नसतो.

तळाच्या विरोधात जाणारी एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. हिमनदीच्या किंवा बर्फाच्या पाण्यावर वाहणारे ओढे दुपारी चढतात, कारण उन्हाने बर्फ वितळतं. सकाळी घोट्यापर्यंतच्या पाण्यातून पलीकडे गेलात, तर संध्याकाळी परतताना तेच पाणी मांडीला लागू शकतं. रोज परत यायचंच असल्याने हा ओढा तळावाल्यालाच दोनदा ओलांडावा लागतो, तोही एकदा अगदी चुकीच्या वेळी. वाटेवर पूल आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

तळाची जागा

नदीकाठचं सपाट हिरवं कुरण फोटोत छान दिसतं. रात्री मात्र थंड हवा उतारावरून ओघळून तिथेच साचते. पहाटे सर्वात जास्त गारठा आणि सर्वात जास्त दव तिथेच. त्याच कॅम्पसाईटवर थोडी वरची, झाडांच्या आडोशाची जागा मिळाली तर ती घ्या. संडासाच्या दिव्यापासूनही लांबच. कॅम्पसाईटवर शेजारी असतात, ते रात्री गप्पा मारतात, आणि तुमचा गजर चारचा असतो. शांततेसाठीच डोंगरात जायचं असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करू शकतो. फिरत्या मुक्कामातली पहाट तळावर मिळत नाही, हे मान्यच.

दिवसभर रिकामा राहणारा तंबू वाऱ्याला सोपा सापडतो, कारण आत त्याला दाबून धरणारं वजन नसतं. नायलॉनचं कापड आणि दोऱ्या भिजल्या की सैल पडतात, म्हणून निघण्यापूर्वी सगळ्या खुंट्या आणि ताण एकदा तपासावेत. खाण्याचं काहीही आत ठेवू नये. उंदीर कापड कुरतडून आत शिरतात आणि जिथे अस्वलं आहेत तिथे प्रश्न नुसत्या कापडाचा राहत नाही. खाणं गाडीत ठेवायचं की कॅम्पसाईटच्या पेटीत, हे तिथल्या नियमाप्रमाणे. अस्वलांच्या काही भागांत गाडीतही चालत नाही.

उंची

३,००० मीटरच्या वर झोपायचं असेल तर निर्णय बराचसा शरीर घेतं. त्या पातळीनंतर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणं तळावर आपोआप साधतं. फिरत्या मुक्कामात मात्र प्रत्येक तंबूची उंची आधी लिहून काढावी लागते, नाहीतर पाणी आणि सपाटी शोधता शोधता एका दिवसात ८०० मीटर वाढतात.

बरोबर कोण आहे

चौघांची चाल सारखी असेल, सगळ्यांना एक लांब वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत करायची असेल, तर फिरता मुक्कामच. तळावरून रोज त्याच दरीत उतरणं अशांना कंटाळवाणं होईल. (गाडी एका टोकाला आणि आपण दुसऱ्या, हा तिढा मात्र निघण्यापूर्वीच सोडवा.) लहान मूल, नवखा मित्र किंवा पाय दुखावलेलं कोणी असेल तर तळ. त्यांना एक दिवस बसून राहता येतं आणि बाकीच्यांचा बेत मोडत नाही.

वाटेवर माउंटन हट (भटक्यांच्या मुक्कामासाठी डोंगरात बांधलेली घरं) असतील तर तंबूचं ओझं वाचतं आणि उंचावर झोपायलाही मिळतं. पण जागा आधी धरावी लागते. म्हणजे हवामान बघून ठरवण्याची मोकळीक इथेही गेली, वर सामायिक खोलीत कोणीतरी घोरणारच.

दोन्हींचं थोडं थोडं हवं असेल तर तळ तसाच उभा ठेवून मधली एकच रात्र वर काढा. त्या लांबच्या माथ्याचा प्रश्न सुटतो आणि पाठीवर एकाच रात्रीचं सामान लागतं. त्यासाठी दुसरा हलका तंबू हवा, आणि ज्या भागात उघड्यावर मुक्कामाला परवानगी आहे तिथेच हे जमतं. वर तंबू लावताना पाण्यापासून किमान ६० मीटर लांब राहा आणि शौचासाठी १५-२० सेंटीमीटर खोल खड्डा करा. निघताना कॅम्पसाईटच्या माणसाला कुठल्या वाटेने जाताय आणि दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत परताल ते लिहून द्या. नाहीतर रात्री तंबू रिकामा दिसला म्हणून लोक शोधायला निघायचे, किंवा खरी गरज असताना कोणी निघायचंच नाही.