जेएनडीआयची आडनिडी नावं: टेस्टमध्ये कोणता मार्ग धरावा?

जेएनडीआय म्हणजे नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणारी जावाची सोय. जेबॉस ५ या जावा सर्व्हरवरच्या जुन्या कोडमध्ये ईजेबी (सर्व्हरने सांभाळलेला जावा घटक) ‘शॉप/ऑर्डरबीन/लोकल’ अशा नावाने शोधलेलं असतं, डेटासोर्स (डेटाबेसशी जोडणी देणारा ऑब्जेक्ट) ‘जावा:/ऑर्डरडीएस’ या नावाने. ‘जावा:ग्लोबल’वाली प्रमाण नावं जावा ईई ६ (सर्व्हरवरच्या जावाचं प्रमाण) सोबत २००९ मध्ये आली, त्याआधी प्रत्येक सर्व्हरचा रिवाज वेगळा. सर्व्हरशिवाय जेयुनिट टेस्ट चालवली, की पहिल्याच लुकअपला (नावाच्या शोधाला) ‘नोइनिशियलकॉन्टेक्स्टएक्सेप्शन’ येतं.

आधी नावात कोलन आहे का ते बघा. असेल तर जावा त्याआधीच्या भागाला स्कीम समजून तिची यूआरएल कॉन्टेक्स्ट फॅक्टरी (त्या स्कीमची नावं शोधून देणारा क्लास) शोधतं. ती सापडली, तर तुम्ही नेमलेल्या इनिशियल फॅक्टरीला (एरवी नावं शोधून देणाऱ्या क्लासला) कुणी विचारतच नाही. क्लासपाथवर राहिलेली सर्व्हरची जेएनडीआय प्रॉपर्टी फाइल अशीच घात करते. फॅक्टरी बिल्डर (फॅक्टरी बनवून देणारा ऑब्जेक्ट) बसवला, तर मात्र ही स्कीमची पायरीच वगळली जाते.

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा ‘सिम्पलनेमिंगकॉन्टेक्स्टबिल्डर’ नेमका हाच मार्ग घेतो. नाव अख्खी स्ट्रिंग म्हणून साठवतो, त्यामुळे कसलंही विचित्र नाव चालतं. पण कोलननंतरचा एक स्लॅश चुकला तरी सापडणार नाही. एका जेव्हीएममध्ये (जावाच्या एका चालू प्रोसेसमध्ये) बिल्डर एकदाच बसतो. दुसऱ्या लायब्ररीने आधी बसवला असेल, तर ‘इल्लीगलस्टेटएक्सेप्शन’. स्प्रिंग ५.२ मध्ये तो डेप्रिकेट (वापरू नये असा जाहीर) झाला, ६ मध्ये काढूनच टाकला. स्प्रिंग ५ वर असाल तर वापरा, नव्या कोडला नको.

त्याच्या जागी सिम्पल-जेएनडीआय ही लायब्ररी. फोल्डर आणि प्रॉपर्टी फाइलच्या नावांवरून इथे लुकअपचं नाव बनतं. डिलिमिटर (नावाचे भाग वेगळे करणारं चिन्ह) मुळात टिंब असतो, तो स्लॅश करा. ‘शेअर्ड’ ट्रू ठेवा, नाहीतर एका इनिशियलकॉन्टेक्स्टमध्ये बाइंड केलेलं (नावाशी जोडलेलं) दुसऱ्यात दिसत नाही. फक्त डेटासोर्स हवा असेल, तर आमची पसंती यालाच.

ईजेबीचे ट्रान्झॅक्शन आणि इंजेक्शनही तपासायचे असतील, तर एम्बेडेड ओपनईजेबी (टेस्टसोबतच चालणारा ईजेबी कंटेनर) घ्या. त्यात नावाचा साचा एका प्रॉपर्टीने बदलता येतो, म्हणून जेबॉस ५ च्या धाटणीची नावंही जमवता येतात. टेस्ट सुरू व्हायला मात्र वेळ लागतो.

अर्किलियन या टेस्ट साधनाने खऱ्या वाइल्डफ्लायवर (जेबॉसच्या पुढच्या अवतारावर) चालवणं सर्वांत संथ, तरी सर्व्हर बदलणार असाल तर टाळू नका. वाइल्डफ्लायला डेटासोर्सचं नाव ‘जावा:/’ किंवा ‘जावा:जेबॉस/’ने सुरू झालेलंच लागतं, आणि ‘शॉप/ऑर्डरबीन/लोकल’ तिथे बाइंडच होत नाही. वरच्या तिन्ही मार्गांनी हिरवी झालेली टेस्ट ही चूक झाकून ठेवते.