क्रोम फॉर टेस्टिंग: ब्राउझर आणि ड्रायव्हर एकदाचे एका नंबरावर

सेलेनियमवर, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणाऱ्या साधनावर, ज्यांनी दिवस काढलेत त्यांना एक लाल ओळ तोंडपाठ असते: हा क्रोमड्रायव्हर फक्त क्रोम ११४ ला चालतो, सेशन तयार झालं नाही. (क्रोमड्रायव्हर म्हणजे सेलेनियमच्या आज्ञा क्रोमपर्यंत पोचवणारा प्रोग्राम.) कोडमध्ये काडीचा बदल नाही, आदल्या संध्याकाळी सगळं हिरवं, आणि सकाळी अख्खा सूट, म्हणजे सगळ्या चाचण्यांचा संच, आडवा. कारण रात्रीत मशीनवरचा क्रोम स्वतःहून पुढच्या आवृत्तीवर गेला आणि ड्रायव्हर जिथल्या तिथे राहिला. मी पुण्यात बसून एका बँकेच्या पोर्टलचं ऑटोमेशन बघते. या दुखण्यावर गुगलने २०२३ मध्ये काढलेला उतारा म्हणजे क्रोम फॉर टेस्टिंग, खास चाचण्यांसाठी वेगळा बांधलेला क्रोम, आणि आमच्या सीआयवर (आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेवर) सध्या तोच चालतो.

ड्रायव्हरच्या नंबरांचा आधी काही ताळमेळच नव्हता. २.४६ हा ड्रायव्हर क्रोम ७१ ते ७३ ला चालतो, हे रिलीज नोट्समध्ये शिरून शोधायचं. पुढे ७३ पासून ड्रायव्हरला ब्राउझरचाच नंबर मिळाला. तरी दोघं यायचे वेगवेगळ्या दारांनी, आणि जोडी जमवायचं काम आपल्याच गळ्यात. त्यात २०२१ च्या सप्टेंबरात, क्रोम ९४ पासून, नव्या आवृत्त्यांचं सहा आठवड्यांचं चक्र चार आठवड्यांवर आलं. वर्षाला आठ-नऊ वेळा व्हायची ती पळापळ बारा-तेरा वेळा व्हायला लागली.

क्रोम ११५ पासून मात्र घडी बसली. ब्राउझरची टेस्टिंगसाठीची बांधणी आणि ड्रायव्हर आता एकाच रिलीजच्या कामातून बाहेर पडतात, नंबराचे चारही भाग तंतोतंत तेच. ही बांधणी स्वतःला अपडेट करत नाही. जो नंबर उतरवला तोच राहतो, तुम्ही बदलेपर्यंत. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र तिथली जेसन फाइल, म्हणजे स्क्रिप्टला वाचता येईल अशी नंबरांची यादी. एखादा नंबर 'चांगला' म्हणून यादीत तेव्हाच चढतो, जेव्हा विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांच्या फाइली डाउनलोडला हजर असतात. म्हणजे लिनक्सवर ब्राउझर मिळाला पण विंडोजचा ड्रायव्हर अजून यायचाय, असला अर्धवट प्रकार नाही. स्टेबल (सगळ्यांसाठीचा पक्का क्रोम) आणि त्याआधीच्या कच्च्या पायऱ्या बीटा, डेव्ह, कॅनरी, चौघांचे ताजे नंबर एका ठिकाणी. आमची स्क्रिप्ट ती फाइल वाचते आणि झिप आतल्या सर्व्हरवर आणून ठेवते, कारण बँकेच्या नेटवर्कातून बिल्ड मशीनला बाहेर जायची परवानगी नाही.

ज्यांना अशी बंधनं नाहीत त्यांनी स्क्रिप्टच्या भानगडीत पडूच नये. सेलेनियमसोबतच येणारा सेलेनियम मॅनेजर सेलेनियम ४.६ पासून ड्रायव्हर स्वतः आणतो, आणि ४.११ पासून मशीनवर क्रोम नसेल तर ब्राउझरही आणतो. ब्राउझर व्हर्जनच्या जागी 'बीटा' लिहा, काम झालं. पपेटियरवाले (ब्राउझर चालवणारं दुसरं एक साधन) तर २० व्या आवृत्तीपासून याच बांधणीवर आहेत, त्यांच्या प्रत्येक रिलीजला कुठला क्रोम जोडलाय ते ठरलेलं असतं. सफारीचं मला नेहमी कौतुक वाटतं, तिथे ड्रायव्हर २०१६ पासून ब्राउझरबरोबरच येतो आणि जोड्या जमवायचा प्रश्नच उरत नाही. अर्थात त्यासाठी मॅक लागतो, तो मागायला मॅनेजरकडे जावं लागतं, ती वेगळी कथा.

तक्रारी आहेत. मॅकवर झिप ब्राउझरमधून उतरवून उघडली की सिस्टीम म्हणते, ॲप डॅमेज्ड आहे, ट्रॅशमध्ये टाका. फाइल ठणठणीत असते, फक्त तिच्यावरचा क्वारंटाइनचा शिक्का टर्मिनलमधून काढावा लागतो. हे रीडमीमध्ये लिहिलंय, पण रीडमी वाचतो कोण? टीममध्ये येणारा प्रत्येक नवा माणूस ती फाइल इमानेइतबारे ट्रॅशमध्ये टाकून पुन्हा डाउनलोड करतो. लिनक्सवर दुसरी गंमत: नुसती झिप असल्यामुळे लागणाऱ्या लायब्ररी आपोआप येत नाहीत, आणि कोऱ्या डॉकर इमेजमध्ये (प्रोग्राम चालवायच्या बंदिस्त, मोजक्या सामानाच्या डब्यात) ब्राउझर सुरूच होत नाही. लागणाऱ्या पॅकेजांची यादी झिपमध्येच एका फाइलीत दिलेली असते, ती इमेज बनवताना वापरा. इंटरनेटवरून कुणाच्या तरी डॉकरफाइलमधली लांबलचक यादी उचलू नका.

आणि रोजच्या कामाला हा ब्राउझर वापरू नका. वर पट्टी येते, हा फक्त ऑटोमेटेड टेस्टिंगसाठी आहे म्हणून. ती खरी माना, कारण सुरक्षेचे पॅच याला आपोआप मिळत नाहीत.

खरा धोका वेगळाच आहे. नंबर गोठवला की सूट शांत होतो, आणि शांत सूट सगळ्यांना आवडतो. मग तो नंबर कोणी हलवत नाही. ग्राहकाच्या हातातला क्रोम दर काही आठवड्यांनी पुढे जातोय आणि आपण जुन्यावर हिरवे टिकमार्क गोळा करतोय. आमच्याकडे त्यात आणखी एक पदर आहे. शाखांमधली मशीन आयटीने एक्स्टेंडेड स्टेबलवर, म्हणजे क्रोमच्या सावकाश बदलणाऱ्या प्रकारावर, ठेवली आहेत. ते चक्र आठ आठवड्यांचं, सम नंबरांवर चालणारं. म्हणजे काउंटरमागचा कर्मचारी एका आवृत्तीवर, समोरचा ग्राहक मोबाइल बाजूला ठेवून घरी लॅपटॉप उघडतो तेव्हा दुसऱ्या. एकच पोर्टल, दोन्ही ठिकाणी चाललं पाहिजे. दोन वेगळे नंबर एका मशीनवर शेजारी शेजारी ठेवून तोच सूट दोनदा चालवता येतो, हे क्रोम फॉर टेस्टिंगशिवाय मला इतक्या सहज जमलं नसतं.

तिसरी फेरी रात्री बीटावर. नवी आवृत्ती स्टेबलला यायच्या आधी काही आठवडे बीटामध्ये असते, तेवढी मुदत डेव्हलपरला गाठून काय मोडतंय ते दाखवायला पुरते. एक मात्र सांभाळा: बीटाची जॉब लाल झाली तर बिल्ड अडवू नका, नुसता मेल जाऊ द्या. अडवायला लागलात तर एखाद्या रिलीजच्या घाईत कोणीतरी ती जॉबच बंद करून टाकेल, आणि पुन्हा चालू करायची आठवण कोणालाच राहणार नाही.