दशावतार, झांज आणि ऑपस कोडेक: एका हंगामानंतर

दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या तेव्हापासून कुडाळ-वेंगुर्ले भागातले दशावताराच्या प्रयोगांचं रेकॉर्डिंग मी ऑपसमध्ये, म्हणजे आवाजाची फाइल लहान करणाऱ्या कोडेकमध्ये, करून मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवतोय. मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नमुने), २४ बिट (प्रत्येक नमुन्याला), स्टिरिओ, म्हणजे तासाला जवळपास १ जीबी. गावच्या नेटवर्कवरून ते जाणं शक्यच नाही. ९६ केबीपीएसच्या (सेकंदाला ९६ हजार बिट) ऑपसमध्ये तोच तास ४३ एमबीत बसतो. शिवाय २०१२ पासूनचं हे खुलं मानक आहे, पैसे पडत नाहीत.

संकासुर या विनोदी पात्राच्या बोलण्याला २४ केबीपीएस मोनो पुरतं. मालवणी हेल, समोरून कुणी दिलेलं उत्तर, सगळं स्पष्ट. बोलण्यासाठी ऑपसमध्ये सिल्क ही वेगळी पद्धतच आहे, आणि ती उत्तम आहे.

खरी परीक्षा झांजेची. संगीतासाठीची सेल्ट पद्धत आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडते, वारंवारितेच्या पट्ट्या करते आणि प्रत्येक मूल्य जवळच्या पायरीवर बसवते. बिट कमी दिले की पायऱ्या मोठ्या, चूक मोठी. पखवाजाच्या घुमाऱ्याखाली ती झाकली जाते. पण झांजेचा ठोका तुकड्याच्या मधेच पडला, की चूक अख्ख्या तुकड्यात पसरते आणि ठोक्याच्या आधीच बारीक ‘फस्स’ ऐकू येतं. तिथे तिला झाकायला काहीच नसतं! ऑपस अशा जागी तुकडे लहान करतो, पण त्याला बिट जास्त लागतात. ४८ केबीपीएसला युद्धाच्या प्रसंगातली झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी येते, ९६ ला मोकळी होते. १२८ च्या पुढे मला हेडफोनवरही फरक कळत नाही. व्हीबीआर, म्हणजे गरजेप्रमाणे बिट कमी-जास्त देणं, बंद करू नका. संवादात वाचलेले बिट झांजेला मिळतात, माझ्या मते हाच याचा सगळ्यात मोठा गुण.

रेकॉर्डिंग मात्र २४ बिटमध्येच करा. एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल. पखवाजाचा आवाज फाटू नये म्हणून लेव्हल १८ डेसिबल खाली ठेवली, तर वरचे तीन बिट रिकामे जातात. शेवटचे काही बिट माइकच्या खरखरीत जातात हे खरं, तरी हळू स्वगत नंतर वाढवताना पायऱ्यांची चूक वर येत नाही.

एक अडचण आहे: देवळातल्या जुन्या यूएसबी स्पीकरवर ऑपस वाजत नाही, एमपी३ द्यावी लागते. ती ऑपसवरून काढली तर एका चुकीवर दुसरी चढते, म्हणून मूळ फाइल फ्लॅकमध्ये (यात आवाजातलं काहीच गळत नाही) ठेवतो आणि प्रत्येक प्रत तिच्यावरूनच काढतो.